मुंबई राखली गिरणगावानं, घर मात्र वांगणीच्या पल्याड!



गिरणीवाल्यांनो, गिरणी बंद पडली तरी स्वतःला गिरणीवालेच म्हणवून घेणाऱ्यांनो, आणि गिरणीवाल्यांच्या विधवांनो, पोरांनो!

मी चामटोलीचा. बदलापूर स्टेशनाला उतरायचं, कर्जतच्या रस्त्याला लागायचं, वांगणीच्या अलीकडं आमचं गाव. शिक्षण म्हणाल तर चौथी पास. कापड रंगवायच्या गिरणीत पाळीवर जातो आणि युनियनचं काम करतो. लिहिण्याची सवय नाही, तेव्हा अक्षराला हसा, पण हिशेबाला हसू नका. हिशेब मी चार वेळा मांडलाय.

हा मजकूर घराविषयी आहे. गरिबाच्या घराचा खर्च कुणी करायचा, एवढाच सवाल आहे. मंत्री म्हणतात, सरकार मदत करील, बाकी तुम्ही बघा. बिल्डर म्हणतो, मी बांधीन, तुम्ही पैसे आणा. मी म्हणतो, ज्या राज्याची मुंबई आमच्या आज्यांनी रक्त सांडून राखली, त्या राज्याच्या सरकारनं आपल्या जमिनीवर, आपल्या पैशानं, आपल्या हातानं कामगाराचं घर बांधलं पाहिजे. ही भीक नव्हे, हे देणं आहे!

आधी माझ्या घरचं सांगतो. माझा आजा लालबागेत राहायचा, साच्यावर काम करायचा. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, जानेवारी १९५६ मध्ये गिरणगावात, गिरगावात गोळ्या चालल्या, तेव्हा तो जवान होता. हुतात्मा चौकात १०६ जणांची आठवण उभी आहे. त्यांत किती कामगार होते हे ती नावं वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही. आजा वाचला म्हणून माझा बाप जन्माला आला. बापही गिरणीतच लागला. १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर दत्ता सामंतांच्या पुकाऱ्यानं अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत तो होता. संप मोडलाही नाही आणि मिटलाही नाही, नुसता जिरला. बापाची गिरणी कशीबशी चालली, मग बंद पडली. गिरणीचं नाव मी लिहीत नाही, सगळ्यांची कथा एकच. पागडीची खोली विकून देणी भागवली आणि भाडं स्वस्त म्हणून आम्ही इकडं आलो. माझी शाळा तिथंच सुटली. बाप वारला. आता वारस म्हणून आईच्या नावानं घराचा अर्ज आहे. म्हातारी तो कागद देवाच्या फोटोमागं ठेवते. सणावाराला फोटो पुसताना कागदही पुसते.

असे अर्ज किती? पावणेदोन लाखांच्या आसपास. आणि घरं किती मिळाली? पहिली सोडत २०१२ साली, ६,९२५ घरांची. मग २०१६ आणि २०२० च्या सोडती. पनवेलच्या कोनची घरं धरून सगळी मिळून १६ हजारही भरत नाहीत. म्हणजे दर ११ अर्जांमागं १ घर. सत्यनारायणाचा प्रसाद तरी याहून जास्त जणांना पोचतो!

मग १५ मार्च २०२४ ला सरकारनं ठराव काढला. गिरणीवाल्यांना ८१ हजार घरं देतो म्हणाले. कुठं? वांगणीला आणि शेलूला. बांधणार कोण? खाजगी बिल्डर. किंमत १५ लाख. त्यातले साडेपाच लाख सरकार घालणार, साडेनऊ लाख कामगारानं घालायचे. वर १७ नंबरचं कलम असं, की हे घर नको म्हणाल तर तुमचा हक्कच गेला! अहो, जेवणावळीत नको म्हटलेला लाडू पुन्हा वाढतात, आणि इथं पानच उचलून नेणार! २०२५ च्या जुलैत आझाद मैदानावर म्हातारे कामगार, बाया, पोरं पावसात जमली, तेव्हा कुठं ते कलम मागं घेतो म्हणून सरकारला सांगावं लागलं. एकजुटीनं काय होतं ते पाहिलंत ना? पण कलम गेलं, पेच राहिला.

आता कुणी म्हणेल, चामटोलीत राहणारा वांगणीला नावं ठेवतो! नाही बाबांनो. हा मुलूख माझा आहे. इथली हवा चांगली, माणसं चांगली. पण मी इथं राहतो म्हणूनच मला माहीत आहे, परळ-लालबागच्या सत्तरीच्या म्हाताऱ्याला इथं आणून टाकणं म्हणजे काय. मुंबई इथून ७०-८० किलोमीटर. नातवाची नोकरी तिकडं, लेकीचं सासर तिकडं, मोठा दवाखाना तिकडं. आणि लोकलच्या दारात लोंबकळायला सत्तरीत हातात बळ लागतं. पावसाचं तर विचारू नका. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीला पूर आला आणि महालक्ष्मी एक्सप्रेस इथंच, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. हजाराच्या वर प्रवासी होते, होड्या आणि हेलिकॉप्टर आणावी लागली. माणसं वाचली, देवाची आणि जवानांची कृपा. पण ज्या पट्ट्यात आगगाडी बुडते तिथं ८१ हजार कुटुंबं आणून बसवणार, तर आधी पाण्याचा निचरा, प्यायचं पाणी, गाड्या, दवाखाना, शाळा यांचा खर्च कुणाच्या वहीत लिहिलाय ते तरी दाखवा! आमच्या शेतकऱ्याची जमीन बिल्डर घेणार, आमच्या कातकरी वाड्या आहेत तिथंच झोपड्यांत राहणार, आणि मुंबईचा कामगार कर्ज घेऊन इथं येणार. यात इथल्याचंही भलं नाही आणि तिथल्याचंही नाही.

आता माझा हिशेब ऐका. ८१ हजार घरं गुणिले साडेपाच लाख, म्हणजे सरकारी तिजोरीतून ४,४५५ कोटी. ८१ हजार गुणिले साडेनऊ लाख, म्हणजे कामगाराच्या खिशातून ७,६९५ कोटी. बेरीज १२,१५० कोटी रुपये. हा सगळा पैसा कुठं जातो? बिल्डराकडं! सरकार म्हणतं आम्ही कामगाराला अनुदान दिलं. अहो, अनुदान कामगाराच्या नावावर आणि रुपया बिल्डराच्या गल्ल्यात. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय! साठी-सत्तरीच्या विधवेला साडेनऊ लाखांचं कर्ज कोण देणार? पोरानं काढलं तर त्याचा अर्धा पगार हप्त्यात जाणार. १२ हजार कोटी जर उभे राहू शकतात, तर ते घेऊन सरकारनं स्वतः का बांधू नये?

यावर उत्तर ठरलेलं. पहिलं उत्तर, "सरकारजवळ पैसा नाही." दुसरं उत्तर, "मुंबईत जागा नाही." दोन्ही उत्तरं खोटी आहेत. एकेक घेतो.

पैशाचं बघा. १९१९ आणि १९२० साली मुंबईच्या गिरण्यांत मोठे संप झाले. कामगार एका खोलीत दहा-दहा जण कोंबून राहत होता. तेव्हाचं सरकार परक्याचं, इंग्रजाचं. गव्हर्नर होता जॉर्ज लॉईड. त्याला आमची माया नव्हती, पण गिरण्या चालाव्यात याची काळजी होती. त्या सरकारनं १९२० साली विकास खातं काढलं आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथं चाळी बांधल्या. त्याच बी. डी. डी. चाळी. बेत होता ५० हजार खोल्यांचा, झाल्या १६ हजारांच्या आसपास. पैसा कुठून काढला? शहरात येणाऱ्या कापसाच्या गासडीमागं १ रुपया कर बसवला! ज्या धंद्यावर शेटजी गबर झाले त्याच धंद्यावर कर, आणि त्या धंद्याच्या कामगाराला खोली. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक, भिंती तुरुंगासारख्या. पुढं सत्याग्रहात वरळीच्या चाळींचा खरंच तुरुंग केला होता. मी इंग्रजाची आरती ओवाळत नाही. पण शंभर वर्षांपूर्वी परक्या सरकारला जे सुचलं ते आपल्या सरकारला का सुचू नये? बाबासाहेब आंबेडकर वीस वर्षांच्या वर परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहिले. गरिबाला हप्त्याची धास्ती नसलेली एक खोली मिळाली तर तिथून काय उभं राहू शकतं, याला आणखी दाखला कशाला?

दुसरा दाखला माझ्या शेजारचा. आमच्या अलीकडं अंबरनाथ, त्याच्या अलीकडं उल्हासनगर. १९४७ ला फाळणी झाली. सिंधमधून सगळं टाकून आलेली माणसं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आणली. लाखाच्या घरात माणूस! बराकी दिल्या, रेशन दिलं, आणि दोन वर्षांत, ८ ऑगस्ट १९४९ ला, त्या छावणीचं उल्हासनगर नावाचं गाव झालं. देश नुकता स्वतंत्र झालेला, तिजोरीत खडखडाट. तरी सरकारनं "पैसा नाही" म्हटलं नाही. त्या बराकीतल्या माणसांनी पुढं कारखाने काढले, दुकानं काढली. सिंधी बांधवांना मिळालं याचं मला वाईट वाटत नाही, उलट आनंद आहे. मी एवढंच म्हणतो, सरकारच्या मनात आलं की जागाही निघते आणि पैसाही निघतो.

बाहेरचं बघायचं तर तेही बघा. युनियनच्या अभ्यासवर्गात ऐकलेलं सांगतो. ऑस्ट्रियात व्हिएन्ना नावाचं शहर आहे. तिथं कामगारांचा पक्ष निवडून आला. १९२३ साली त्यांनी घरांवर कर बसवला, साध्या घराला नाममात्र आणि चैनीच्या बंगल्याला जबर. त्या पैशातून १९३४ पर्यंत ६० हजारांच्या वर घरं नगरपालिकेनं स्वतः बांधली. आणि सिंगापूर घ्या. आपलं राज्य झालं १ मे १९६० ला. सिंगापुरात सरकारी घरबांधणी मंडळ निघालं त्याच सालच्या फेब्रुवारीत. जन्मसाल एकच! आज तिथं चारांतली तीनपेक्षा जास्त माणसं सरकारी मंडळानं बांधलेल्या घरात राहतात. आणि आपण? हाउसिंग बोर्ड १९४८ च्या कायद्यानं आलं, म्हाडा १९७७ च्या डिसेंबरात आली. कामगारांच्या सरकारी वसाहती झाल्या, त्यांत राहून पिढ्या मोठ्या झाल्या. मग हळूहळू बांधायचं काम कमी आणि बिल्डराकडून हिस्सा मागायचं काम जास्त झालं. घर बांधणाऱ्या सरकारचा दलाल झाला!

आता दुसरं उत्तर, जागा नाही. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. जागा नाही? गिरण्यांची ६०० एकर जमीन काय समुद्रात बुडाली? १९९१ साली नियम झाला, ५८ नंबरचा. गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे करायचे. एक वाटा मोकळ्या मैदानाला, एक वाटा म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी, एक वाटा मालकाला. न्याय्य वाटणी, मालकालाही आमची हरकत नव्हती. मग २००१ साली सरकारनंच नियम फिरवला. तीन वाटे सगळ्या जमिनीचे नाहीत, फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीचे! ज्या जमिनीवर शेड उभी होती ती पाडली तरी ती मालकाचीच. आता गिरणी म्हणजे शेडच असते, मोकळी जागा उरते ती भोंग्याखाली आणि फाटकापाशी. हायकोर्टानं २००५ साली आपल्या बाजूनं निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं नवा नियमच कायम केला. कोर्टाला दोष देत नाही. नियम केला तो राज्य सरकारनं. एका शब्दानं शेकडो एकरांचा हिशेब बदलला. आणि २००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानं पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या, त्यांचेच २,००० कोटी आले. एकट्या मुंबई टेक्स्टाईलचे ७०२ कोटी! तेव्हा जागाही होती आणि पैसाही होता. नव्हती ती कामगाराची आठवण.

आता मुख्य गोष्ट, जी माझ्या डोक्यात ऑगस्ट २०२५ पासून घोळतेय. वरळीच्या बी. डी. डी. चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. ५०० चौरस फुटांचं घर, वरळीतच, एक पैसा न भरता. बांधलं म्हाडानं. त्यांचं अभिनंदन! ते आमचेच भाऊ आहेत, त्यांचे बाप-आजेही गिरणीतलेच. पण दोन भाऊ समोरासमोर ठेवून बघा. दोघं एकाच खात्यात, एकाच पाळीत, एकाच संपात. एकाला वरळीत ५०० फुटांचं घर फुकट. दुसऱ्याला वांगणीच्या पल्याड, साडेनऊ लाख भरून. फरक कशानं पडला? नशिबानं? नाही! पहिल्याच्या पायाखालची जमीन सरकारची राहिली होती. दुसऱ्याच्या गिरणीखालची जमीन मालकाच्या हाती सोडून दिली. जिथं जमीन राज्याची, तिथं घर मिळालं. जिथं जमीन शेटजींची, तिथं वांगणी मिळाली. बंधूंनो, सगळा प्रश्न या दोन ओळींत आहे. त्या घरांचा खर्चही त्याच जमिनीवर विक्रीच्या इमारती उभ्या करून काढायचा बेत आहे. म्हणजे जमीन हाच पैसा आहे! ती ज्याच्या हातात, तिजोरीही त्याच्याच हातात.

आणि जमीन कुणाच्या अखत्यारीत? घटनेनं जमीन हा विषय राज्याकडं दिलाय, दिल्लीकडं नाही. म्हणून तर संयुक्त महाराष्ट्राचा लढा झाला. मुंबई महाराष्ट्रात म्हणजे काय? नुसता नकाशावरचा रंग? पाट्यांवरची अक्षरं? मुंबईच्या जमिनीचं काय करायचं हे मराठी मुलखानं निवडलेलं सरकार ठरवील, हा त्याचा अर्थ होता. ज्यांनी मुंबई आमच्याशिवाय ठेवायचा घाट घातला होता, त्यांना गिरणगावानं हरवलं. गोळ्या खाऊन हरवलं. आणि आज तेच गिरणगाव कागदावर सही घेऊन मुंबईबाहेर काढलं जातंय! तेव्हा मुंबई महाराष्ट्रापासून तोडता आली नाही, आता मराठी कामगार मुंबईपासून तोडला जातोय. गोळीनं जे झालं नाही ते चौरस फुटाच्या भावानं होतंय.

शहाणे लोक म्हणतील, सरकारी बांधकाम निकृष्ट असतं, दिरंगाई होते. होय, होते! कोनच्या घरांची सोडत २०१६ ची. ती घरं करोनात विलगीकरणाला घेतली, मग दुरुस्ती, मग ताबा. माणसं किती वर्षं रखडली! मी सरकारी म्हणून सगळं सोन्याचं म्हणत नाही. पण स्वयंपाक बिघडला म्हणून चूल मोडायची नसते, आचारी बदलायचा असतो. सरकारी कामात खोट निघाली तर मत मागायला येणाऱ्याला आपण जाब विचारू शकतो. बिल्डरला कोण विचारणार? आणि बी. डी. डी. च्या सरकारी चाळी शंभर वर्षं उभ्या राहिल्या की नाही?

आणि हा प्रश्न फक्त म्हाताऱ्यांचा नाही. माझ्यासारखे अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत राबणारे तरुण पाहा. कंत्राटी पगार, भाड्याची खोली, ११ महिन्यांचा करार, मग भाडं वाढव नाहीतर खाली कर. माझी पोरगी सहा वर्षांची आहे, तिनं तीन खोल्या बदलल्या. तिसऱ्या खोलीत गेलो तेव्हा तिनं विचारलं, "बाबा, ही आपली का?" मी होय म्हटलं. खोटं बोललो. उद्या तीही अर्ज भरून फोटोमागं ठेवणार का?

म्हणून आमच्या मागण्या, मोजून पाच:

१. वांगणी-शेलूची सक्ती कुठल्याही वाटेनं नको. ज्याला हवं त्यानं घ्यावं, ज्याला नको त्याचा मुंबईतला हक्क लेखी कायम ठेवावा.

२. गिरण्यांच्या जमिनींपैकी म्हाडाच्या वाट्याला किती आली, किती यायची राहिली, तिथं काय उभं आहे, याचा गिरणीवार हिशेब जाहीर करावा.

३. बिल्डरला द्यायचे कोट्यवधी रुपये म्हाडाला द्यावे आणि सरकारी जमिनीवर सरकारनं बांधावं. सरकारी जमीन विकणं बंद!

४. गासडीवर एक रुपया बसला होता, तसा आजच्या टोलेजंग इमारतींच्या चैनीच्या घरांवर घरबांधणी कर बसवावा. तो पैसा दुसरीकडं वळवायचा नाही.

५. औद्योगिक वसाहतीजवळ कामगारांसाठी सरकारी भाड्याची घरं बांधावी, भाडं पगाराच्या मानानं.

यातली एकही मागणी चंद्रावरची नाही. प्रत्येक गोष्ट कधी ना कधी, कुठं ना कुठं झालेली आहे. पण आपोआप एकही झाली नव्हती. कापसावरचा रुपया संपाच्या धाकानं आला, १७ नंबरचं कलम मोर्चानं गेलं.

ही पुस्तिका विकत घेतलीत, आता खिशात घडी करून ठेवू नका. चाळीत मोठ्यानं वाचा. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा. आपल्या आमदाराला एकच विचारा, "जमीन कुणाची ठेवणार, राज्याची की शेटजीची?" गोल-गोल बोलू लागला तर पुन्हा विचारा. बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर!

आजानं मुंबई मिळवली. बापानं गिरणी गमावली. मी घर घेतल्याशिवाय राहणार नाही, आणि एकट्यासाठी घेणार नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो! जय महाराष्ट्र!

— चामटोलीचा एक गिरणी कामगार